आज्ञा संपल्यानंतरची निष्ठा : अँग्लो-सॅक्सन वीरकाव्यातील एक नैतिक प्रश्न

१

इ. स. ९९१ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समधील मॉल्डन या गावाजवळ, एक लढाई झाली. व्हायकिंगांची फौज खाडीतल्या एका बेटावर उतरली होती. भरतीला ते बेट पाण्याने वेढले जाई आणि ओहोटी लागली की किनाऱ्याशी जोडणारी एक अरुंद वाट उघडी पडे. या वाटेच्या तोंडाशी एसेक्सचा प्रांताधिपती बिर्टनॉथ आपले सैन्य घेऊन उभा होता. त्याच्या अवघ्या तीन योद्ध्यांनी ती वाट रोखून धरली होती. तेव्हा शत्रूने किनाऱ्यावर येऊ देण्याची मुभा मागितली आणि बिर्टनॉथने ती दिली. पुढे जे व्हायचे ते झाले. तो स्वतः मारला गेला, सैन्याचा एक भाग पळाला आणि उरलेले त्याचे सोबती त्याच्या प्रेताभोवती एकामागून एक पडत गेले. हे सारे आपल्याला कळते ते मुख्यतः 'मॉल्डनची लढाई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काव्यामुळे. त्याच्या ३२५ ओळीच आज उपलब्ध आहेत. आरंभ आणि शेवट हरवलेला आहे. मूळ हस्तलिखित १७३१ मध्ये कॉटन ग्रंथसंग्रहाला लागलेल्या आगीत जळाले, आणि आगीपूर्वी कोणीतरी करून ठेवलेल्या नकलेमुळे संहिता तेवढी वाचली.

हे काव्य तौलनिक साहित्याच्या वर्गात भाषांतरातून शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सरदार तर मेलाच होता. मग हे लोक घरी परत गेले असते तर कुणाचे काय बिघडले असते?" मी त्या वेळी जे उत्तर दिले ते अशा प्रसंगी बहुतेक अध्यापक देतात तेच होते. त्या समाजाची मूल्ये निराळी होती, सरदाराच्या मागे जिवंत राहणे हा त्यांच्या लेखी कलंक होता, वगैरे. उत्तर खोटे नव्हते, पण ते प्रश्नाचे उत्तरही नव्हते. एखादे मूल्य कोणत्या काळात आणि कोणत्या समाजात रुजले हे सांगितल्याने ते मूल्य मानण्याजोगे होते की नव्हते हे ठरत नाही. विद्यार्थिनी इतिहास विचारत नव्हती. ती विचारत होती की, जो निर्णय आपण घेतला नाही आणि जो कदाचित चुकीचाच होता, त्याची किंमत स्वतःच्या प्राणाने चुकवणे याला सद्गुण म्हणावे काय? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाला सामोरे जाण्याचा प्रयत्न आहे.

२

प्रथम या मूल्यव्यवस्थेचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास लिहिलेल्या 'जर्मानिया' या ग्रंथात जर्मानिक टोळ्यांतील नायक आणि त्याचे अनुयायी यांच्या नात्याचे वर्णन केले आहे. नायक लढतो विजयासाठी आणि अनुयायी लढतात नायकासाठी. रणात नायक पडल्यावर जिवंत परत येणे ही अनुयायाला जन्मभराची नामुष्की असते. या नात्याची भौतिक बाजूही स्पष्ट आहे. सरदाराच्या दालनात अन्न, मध, घोडे, शस्त्रे आणि सोन्याची कडी यांचे वाटप होते, आणि त्या दानाच्या बदल्यात अनुयायी मद्याच्या बाकावर बसून प्रतिज्ञा करतात. मराठीत ज्याला 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणतात त्याच्याशी हे नाते जवळचे आहे. फरक इतकाच की येथे मिठापेक्षा शब्दाला अधिक वजन आहे. खाल्लेले अन्न ऋण निर्माण करते, परंतु ते ऋण बांधून टाकते ती सर्वांसमक्ष केलेली प्रतिज्ञा. म्हणूनच या काव्यांत भ्याडपणाची निर्भर्त्सना करताना दिलेल्या वस्तूंचा आणि बोललेल्या शब्दांचा उल्लेख हटकून एकत्र येतो.

ही निष्ठा रक्ताच्या नात्यावरही मात करते. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल'मध्ये ७५५ सालाखाली नोंदवलेली किनेवुल्फ आणि किनेहर्ड यांची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. आपल्या राजाला ठार करणाऱ्याच्या बाजूला आपलेच आप्त आहेत हे ठाऊक असूनही राजाचे लोक तह नाकारतात, कारण धन्याहून जवळचा कोणताही आप्त त्यांना मान्य नसतो.

तथापि टॅसिटसपासून मॉल्डनपर्यंत एकच अखंड परंपरा वाहत आली, असे मानण्याची जुनी सवय आता सोडावी लागते. दोहोंमध्ये जवळजवळ नऊ शतकांचे अंतर आहे. रोझमेरी वुल्फ यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, धन्यासह मरण्याचा आदर्श मधल्या काळातील इंग्रजी साहित्यात सातत्याने आढळतो असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. दहाव्या शतकातील ख्रिस्ती इंग्लंडमध्ये प्रत्येक सैनिक हा आदर्श श्वासाइतका सहज बाळगून होता, असे गृहीत धरता येत नाही. वुल्फ यांचा मुद्दा आपल्या प्रश्नाला निराळे वळण देतो. जर ही रूढी आपोआप चालत आलेली नसेल, तर मॉल्डनच्या कवीने ती निवडली आहे. आणि निवडलेल्या मूल्याची नैतिक चिकित्सा करणे हा त्या काळावर केलेला अन्याय ठरत नाही.

३

काव्याचा सारा वाद एका शब्दाभोवती फिरत आला आहे. बिर्टनॉथने शत्रूला वाट दिली ती कशापोटी, हे सांगताना कवीने 'ओफरमोड' हा शब्द योजला आहे. त्याची फोड 'अति' आणि 'मन' किंवा 'वृत्ती' अशी होते. काहींनी त्याचा अर्थ 'उदंड धैर्य' असा सौम्य लावून पाहिला. परंतु प्राचीन इंग्रजीत हा शब्द फार थोड्या ठिकाणी येतो आणि त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे ईश्वराविरुद्ध उठलेल्या देवदूताचे वर्णन. हेल्मुट ग्नॉइस यांनी १९७६ मध्ये सर्व पुरावा तपासून 'गर्व' हाच अर्थ ग्राह्य धरला. अर्थात युद्धशास्त्राच्या दृष्टीने बिर्टनॉथची बाजूही मांडता येते. शत्रूला तेथेच गाठले नसते तर तो जहाजे हाकारून दुसऱ्या, असंरक्षित किनाऱ्यावर उतरला असता. हा युक्तिवाद इतिहास म्हणून बिनतोड असू शकेल, पण काव्यातील शब्द त्याने पुसला जात नाही. कवीला या सरदाराविषयी आदर आहे. मरताना देवाचे आभार मानणारा हा वृद्ध त्याने प्रेमाने रेखाटला आहे. तरीही त्याने त्याच्यावर दोष ठेवला आहे.

या दोषाचा सर्वांत गंभीर विचार केला तो जे. आर. आर. टोल्किन यांनी. १९५३ मध्ये त्यांनी लढाईनंतरच्या रात्री बिर्टनॉथचे प्रेत शोधणाऱ्या दोघांचे एक छोटे पद्यनाट्य प्रसिद्ध केले आणि त्याला 'ओफरमोड' याच शीर्षकाचा निबंध जोडला. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : नायकाला वैयक्तिक कीर्तीसाठी इतरांचे प्राण पणाला लावण्याचा अधिकार नाही. त्याचे कर्तव्य शत्रूला रोखणे हे होते, खेळाडूप्रमाणे समान संधी देणे हे नव्हते. याउलट त्याच्या सोबत्यांचे वीरत्व शुद्ध आहे. निर्णयाची जबाबदारी त्यांची नव्हती. त्यांच्या वाट्याला आले ते प्रेम आणि आज्ञापालन. १९१६ मध्ये सॉमच्या रणांगणावर कनिष्ठ अधिकारी म्हणून लढलेल्या माणसाने हे लिहिले आहे, हे विसरून चालणार नाही.

टोल्किन यांनी नायकाच्या गर्वावर ठेवलेला ठपका मला मान्य आहे. अडचण येते ती त्यांच्या दुसऱ्या विधानापाशी. अनुयायाचे वीरत्व शुद्ध का, तर त्याला निर्णय घ्यायचा नव्हता म्हणून. म्हणजे जबाबदारीचा अभाव हाच येथे शुद्धतेचा आधार होतो. हा आधार धोक्याचा आहे. विसाव्या शतकात निष्ठा हाच आपला मान असल्याचे ब्रीद नाझी जर्मनीतील एस. एस. या संघटनेने मिरवले होते, आणि 'आम्ही केवळ हुकमाचे धनी' हा बचाव १९४५-४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायासनासमोर मांडला गेला. उत्तरेकडील प्राचीन वीरवृत्तीची नाझींनी केलेली विटंबना पाहून टोल्किन स्वतः संतप्त झाले होते. त्यामुळे त्यांच्यावर त्या विचाराची सावलीही पाडण्याचा हेतू येथे नाही. प्रश्न तात्त्विक आहे. ज्या निष्ठेचे मोल आज्ञाधारकपणात आहे, ती निष्ठा आज्ञेच्या गुणवत्तेवर अवलंबून राहते. आज्ञा दुष्ट असेल तर निष्ठाही दुष्टतेचे साधन होते. मॉल्डनच्या योद्ध्यांचा गौरव जर याच पायावर करायचा असेल, तर तो न केलेला बरा.

४

परंतु काव्य पुन्हा वाचले की लक्षात येते, सोबत्यांची भाषणे सुरू होतात ती बिर्टनॉथ मेल्यानंतर. हा तपशील साधा वाटतो, पण माझ्या मते साऱ्या नैतिक प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. आज्ञा देणारा आता उरलेला नाही. थांबा म्हणणारा कोणी नाही आणि जा म्हणणाराही कोणी नाही. काहीजण पळालेही आहेत, म्हणजे पळणे शक्य होते. या क्षणी जे थांबतात ते आज्ञापालन करीत नाहीत. आज्ञा जेथे संपते तेथे त्यांची कृती सुरू होते.

आणि म्हणूनच प्रत्येकाला बोलावे लागते. केवळ हुकूम पाळायचा असता तर भाषणांची गरजच नव्हती. तरुण एल्फविन मद्याच्या बाकावर केलेल्या प्रतिज्ञांची आठवण देतो आणि आपल्या मर्सियातील थोर कुळाचा निर्देश करतो. बिर्टनॉथ त्याचा धनी होता तसाच आप्तही होता. लिओफसुनूला आपल्या गावच्या, स्टर्मरच्या, लोकांची बोलणी खायची नाहीत. त्याच्या शब्दांत लोकलज्जेचे भय आहे आणि ते तो लपवत नाही. डनर हा साधा शेतकरी, सरदारांच्या पंगतीत न बसणारा. तो कुळाविषयी अवाक्षर काढत नाही आणि मोजके बोलून मोकळा होतो. नॉर्थम्ब्रियाहून ओलीस म्हणून आलेला एक तरुण तर काहीच बोलत नाही, नुसता बाण सोडत राहतो. त्याचे या मातीशी जन्माचे नाते नाही. ओलिसाला पळून जाण्याची याहून चांगली संधी कोणती मिळाली असती? शेवटी वृद्ध बिर्टवोल्ड बोलतो. बळ आणि मन यांचे प्रमाण व्यस्त असावे, एक घटेल तसे दुसरे वाढावे, हा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. त्यात विजयाची आशा नाही आणि कीर्तीचा उल्लेखही नाही.

म्हणजे एकाच कृतीमागे इतकी वेगवेगळी कारणे आहेत. कवीने सर्वांच्या तोंडी एकच घोषणा घातली असती तर ते काव्य निष्ठेची कवाईत झाले असते. त्याऐवजी कुळाभिमान, लाज, साधा प्रामाणिकपणा, मैत्री आणि हट्ट अशा निरनिराळ्या वाटांनी येऊन माणसे एका ठिकाणी उभी राहिलेली दिसतात. 'स्वामिनिष्ठा' हा आपल्याकडचा तयार शब्द येथे अपुरा पडतो, कारण त्यात स्वामी अगोदर आहे आणि निष्ठा मागाहून. येथे स्वामी गेल्यावर निष्ठा उरली आहे आणि ती ज्याची त्याला स्वतःच्या कारणांनी पेलावी लागत आहे. संस्कृत काव्यशास्त्राने वीररसाचा स्थायी भाव 'उत्साह' मानला. उत्साहाला साध्य लागते. बिर्टवोल्डजवळ साध्य उरलेले नाही, आणि तरी त्याच्या वृत्तीला शोक किंवा निर्वेद म्हणता येत नाही. आपल्या रसव्यवस्थेला या वृत्तीने अडचणीत टाकावे, हे मला या काव्याचे एक मोठे देणे वाटते.

यावर एक आक्षेप संभवतो. लाज आणि कीर्ती यांच्या आधारावर चालणाऱ्या समाजात ही निवड कितपत मुक्त होती? लिओफसुनूला गावाची भीती वाटते, मग त्याला स्वतंत्र कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे. संपूर्ण मुक्त निवड कोणत्याच समाजात नसते, एवढे म्हणून तो निकालात निघत नाही. परंतु समाजाच्या दडपणाखाली निवडणे आणि मुळीच न निवडणे यांत फरक आहे, आणि त्या फरकाची साक्ष पळणाऱ्यांनी दिलेली आहे. त्यांच्यावरही तीच लाज लादलेली होती.

५

पळणाऱ्यांत प्रमुख आहे तो ऑडाचा मुलगा गॉड्रिक. कवी त्याच्यावर कठोर आहे. बिर्टनॉथने त्याला अनेक घोडे दिले होते, आणि तो पळाला तो बिर्टनॉथच्याच घोड्यावर बसून. त्यामुळे लांबून पाहणाऱ्यांना वाटले की सरदारच निघून चालला आहे, आणि ढालींची फळी मोडली. येथे कवीचा नैतिक विवेक सूक्ष्म आहे. भीती वाटणे हा गॉड्रिकचा अपराध नाही. त्याचा अपराध असा की त्याच्या सुटकेची किंमत इतरांनी भरली. ढालींच्या फळीत प्रत्येकाची ढाल शेजाऱ्याला राखते. एक सरकला की दुसरा उघडा पडतो. त्यातून त्याने आपल्या पळण्याला दुसऱ्याच्या नावाचे चिन्ह लावले.

हा निकष एकदा हाती आला की तो बिर्टनॉथलाही लावावा लागतो. त्याच्या गर्वाची किंमतही इतरांनीच भरली. गॉड्रिक आणि बिर्टनॉथ, एक भ्याड आणि एक अतिशूर, परस्परांच्या विरुद्ध टोकांना उभे आहेत असे आपण समजतो. पण एका बाबतीत ते जवळ येतात. दोघांनीही आपल्या कृतीचा हिशेब करताना शेजाऱ्याला वगळले.

६

हाच हिशेब 'बेओवुल्फ'मध्ये अधिक व्यापक पातळीवर मांडलेला आहे. ३१८२ ओळींच्या या काव्याला टोल्किन यांनी आपल्या १९३६ च्या प्रसिद्ध व्याख्यानात महाकाव्य म्हणण्याऐवजी शोकात्म वीरकाव्य म्हटले, ते याच अर्थाने समर्पक आहे. तरुण बेओवुल्फ ग्रेंडेलशी झुंजतो तेव्हा त्याच्यावर कोणत्याही प्रजेचा भार नसतो. त्याचे धाडस त्याचे स्वतःचे असते. पन्नास वर्षे राज्य केल्यावर तो अग्निसर्पाला सामोरा जातो तेव्हाही त्याला ती झुंज एकट्यानेच हवी असते. अकरा सोबत्यांना तो बाहेर थांबायला सांगतो. तो संकटात सापडल्यावर त्यांतले दहा रानात पळतात आणि एकटा विग्लाफ आगीत शिरतो.

विग्लाफची व्यक्तिरेखा माझ्या दृष्टीने या प्रश्नात निर्णायक आहे. पळालेल्यांना तो झोडपतो, दिलेल्या शस्त्रांची आणि केलेल्या प्रतिज्ञांची त्यांना आठवण देतो. पण थोड्याच वेळाने, राजाच्या प्रेताजवळ उभा राहून, तो हेही सांगतो की एकाच्या इच्छेपायी अनेकांना दुःख भोगावे लागते. सर्पाच्या वाटेला जाऊ नका, हा सल्ला राजाने मानला नव्हता. जो सर्वांत निष्ठावान आहे तोच राजाचा दोषही सांगतो, आणि या दोन गोष्टींत त्याला विसंगती वाटत नाही. त्याने संकटाच्या वेळी साथ दिली म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आहे. आणि तो बोलला म्हणून त्याची साथ आंधळी ठरत नाही. आज्ञेची गुणवत्ता न पाहणाऱ्या निष्ठेला काव्यातच दिलेले हे उत्तर आहे.

काव्य येथेही थांबत नाही. राजाच्या मृत्यूनंतर शेजारचे शत्रू चालून येणार हे दूताने सांगितलेले आहे. चितेजवळ एक स्त्री येणाऱ्या दिवसांच्या भयाने आक्रंदत असते. मिळवलेले सोने पुन्हा मातीत पुरले जाते आणि पूर्वीइतकेच निरुपयोगी राहते. काव्याच्या पूर्वार्धात ग्रेंडेलवरील विजयाच्या मेजवानीत शाहीर हिल्डबुर्हची कथा गातो, तीही आठवावी. माहेर आणि सासर यांच्या लढाईत तिचा भाऊ एका बाजूने आणि मुलगा दुसऱ्या बाजूने मारला जातो, आणि दोघांना एकाच चितेवर ठेवण्याची वेळ तिच्यावर येते. दोन्हीकडच्या पुरुषांनी आपापले कर्तव्य चोख केले. सर्वांनी आपापल्या शब्दाला जागायचे ठरवले की शेवटी काय उरते, हे कवीने विजयोत्सवाच्या मध्यभागी आणून ठेवले आहे. आणि या काव्याचा अगदी शेवटचा शब्द नायकाला कीर्तीचा सर्वाधिक भुकेला म्हणतो. हेच विशेषण तत्कालीन धार्मिक गद्यात दूषण म्हणून येते. कवीने ते दयाळूपणाच्या विशेषणांपाठोपाठ ठेवले आहे आणि निवाडा आपल्यावर सोपवला आहे.

७

आता पुन्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. ते परत गेले असते तर काय बिघडले असते? राजकीय हिशेबाने पाहिले तर काहीच नाही. ९९१ मध्येच आर्चबिशप सिगेरिकच्या सल्ल्यावरून डेन लोकांना १०,००० पौंडांची खंडणी दिली गेली. ९९४ मध्ये ती १६,००० आणि १००२ मध्ये २४,००० पौंडांवर गेली. १०१६ मध्ये इंग्लंडच्या गादीवर डेन राजा कनूट बसला. मॉल्डनच्या मृतांनी काहीही वाचवले नाही.

तरीही मला आता वाटते की प्रश्नाचे दोन भाग करायला हवे होते. त्या मरणाची गरज निर्माण करणारा सरदार दोषी होता काय? होय, आणि काव्य ते सांगते. त्याच्या दोषामुळे सोबत्यांची कृती निरर्थक ठरते काय? नाही, कारण त्यांनी त्याच्या निर्णयाला आपला निर्णय म्हटले नाही. त्यांनी दिलेला शब्द आपला मानला. सर्व काही संपल्यावर, फायदा उरलेला नसताना, आपण बोललो ते खरे होते की नव्हते हे ठरवण्याची एकच जागा उरते, आणि ती जागा त्यांनी सोडली नाही. अशा कृतीचा आदर करता येतो. तिची मागणी मात्र कोणालाही कोणाकडे करता येत नाही, आणि सरदाराला तर मुळीच नाही. वीरमूल्यांचा दुरुपयोग नेमका तेथे सुरू होतो, जेथे एकाने स्वेच्छेने दिलेले दुसरा हक्काने मागू लागतो.

उपलब्ध संहिता जेथे तुटते तेथे आणखी एक गॉड्रिक आहे, एथेलगारचा मुलगा. तो पुढे होऊन लढतो, आणि पळाला तो गॉड्रिक हा नव्हे, असे कवी आवर्जून बजावतो. तेथेच काव्य थांबते. नाव एक, मैदान एक, धनी एक. कुळ, रूढी, लाज, काळ यांच्या आधारे आपण दोघांचीही वर्तणूक समजावून सांगू शकतो, आणि वर्गात मी तेच केले होते. त्या दोघांमध्ये जे अंतर उरते ते या स्पष्टीकरणांत मावत नाही. मला वाटते, विद्यार्थिनीने विचारले होते ते त्या अंतराविषयी.